रमाईच्या नावाचे घरकूल आणि चुलीचा धूर

महामार्गाने जाताना हल्ली थोड्या थोड्या अंतरावर पाट्या दिसतात. 'चुलीवरचे मटण', 'चुलीवरची भाकरी', 'चुलीवरची मिसळ'. शहरातला सुखवस्तू माणूस गाडी थांबवून उतरतो, धुराचा वास घेतो, आजीची आठवण काढतो आणि पैसे मोजून पुढे जातो. त्याच महामार्गावरून आत वळून गावकुसाकडच्या आपल्या वस्तीत यावे. तिथेही संध्याकाळी चूल पेटलेलीच असते. तिच्यावर पाटी नसते. तिच्यासमोर बसलेली माऊली डोळे पुसत फुंकणी फुंकत असते, आणि तिच्या मागे कोपऱ्यात लाल सिलिंडर उभा असतो. त्याच्यावर जुन्या साडीचे फडके घातलेले असते, वर तेलाचा डबा ठेवलेला असतो.

हा सिलिंडर कोपऱ्यात का उभा आहे आणि चूल का पेटली आहे, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे. वाचकांपैकी काहींना वाटेल, देशात एवढे मोठे प्रश्न असताना चुलीवर काय लिहायचे! आम्ही त्यांना नम्रपणे सांगू इच्छितो की रमाईने गोवऱ्या थापून संसार केला, हे आपण दर जयंतीला व्यासपीठावरून सांगतो. त्यावर गाणी गातो, डोळ्यांत पाणी आणतो. पण त्या गोवऱ्यांचा धूर आज कोणाच्या छातीत जातो आहे, हे विचारायला आपल्याला सवड होत नाही.

आधी सरकारी बाजू पाहू. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचे उद्घाटन झाले. सुरुवातीचे लक्ष्य पाच कोटी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांचे होते. २०१८ साली ते आठ कोटी करण्यात आले आणि अनुसूचित जाती-जमातींची कुटुंबे यादीत घेण्यात आली. ७ सप्टेंबर २०१९ रोजी आठ कोटीवे कनेक्शन आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) पंतप्रधानांच्या हस्ते दिले गेले. २०२१ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. आज उज्ज्वलाच्या जोडण्या दहा कोटींच्या पुढे आहेत. एवढ्या बायकांच्या नावावर गॅस झाला, ही गोष्ट लहान नाही. ती नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही.

पण जोडणी मोजणे वेगळे आणि जेवण कशावर शिजले ते मोजणे वेगळे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात दाखवून दिले की वर्षाहून अधिक काळ झालेल्या उज्ज्वला ग्राहकांचा सरासरी वापर वर्षाला ३.२१ सिलिंडर इतकाच होता. त्यानंतर कोरोनाच्या काळात तीन सिलिंडर फुकट मिळाले तेव्हा आकडा वर गेला, फुकट बंद झाले तेव्हा खाली आला. सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये तो ४.४७ वर पोहोचला. आता आपल्या घरातल्या बाईलाच विचारा, पाच-सहा माणसांच्या घरात एक सिलिंडर किती दिवस जातो? महिना. फार काटकसर केली तर दीड महिना. म्हणजे साडेचार सिलिंडरांत फार तर सात महिने. उरलेले पाच महिने काय शिजत नाही? शिजते. चुलीवर शिजते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ग्रामीण भारतात स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे ४३.२ टक्के निघाली. निम्म्याहून अधिक खेडी धुरातच होती.

का, याचे उत्तर शोधायला तज्ज्ञांची समिती नको. एप्रिल २०२५ च्या दरवाढीनंतर दिल्लीत १४.२ किलोचा सिलिंडर ८५३ रुपयांना झाला, उज्ज्वला ग्राहकाला तीनशे रुपये सवलत धरून ५५३ रुपयांना. पण सवलत नंतर खात्यावर येते. सिलिंडर दारात आला की पूर्ण रक्कम रोख मोजावी लागते. २०२५-२६ साठी मनरेगाची महाराष्ट्रातील मजुरी ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे जवळपास तीन दिवसांची मजुरी एकदम हातात पाहिजे, आणि ती त्या दिवशीच पाहिजे. ज्या घरात मीठ-मिरची पाच-दहा रुपयांची आणली जाते, त्या घरात इंधन तेवढे आठशेचे एकगठ्ठा घ्यावे, अशी ही व्यवस्था आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली अन्नपूर्णा योजनेखाली वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचे जाहीर केले. निवडणुकीचे वर्ष होते हे सांगायला नकोच. तीन सिलिंडर म्हणजे तीन-चार महिने.

म्हणून मायमाऊल्यांनी आपला तोडगा काढला आहे. चहा, दूध, पाहुणा, पावसाळ्यातला भात एवढे गॅसवर. भाकरी, डाळ आणि अंघोळीचे पाणी चुलीवर. गॅस पुरवून पुरवून वापरायचा. यात अडाणीपणा कुठेही नाही. चोख हिशेब आहे. अडाणीपणा असलाच तर तो त्या जाहिरातीत आहे, जिच्यात सिलिंडर आला की चूल कायमची विझते.

तर चूल राहणार, निदान आणखी काही वर्षे राहणार. मग पुढचा प्रश्न येतो: जळण कुठून येते? आणि इथे हा विषय स्वयंपाकघरातून बाहेर पडून थेट आपल्या चळवळीच्या अंगणात येतो.

ज्याची जमीन आहे त्याच्या बांधावर बाभूळ आहे, लिंब आहे. त्याच्या शेतात कापसाच्या पऱ्हाट्या आहेत, तुरीच्या तुराट्या आहेत. त्याच्या गोठ्यात शेण आहे. त्याचे सरपण त्याच्या मालकीचे आहे. आणि ज्याची जमीन नाही? त्याची बाई पहाटे उठून दुसऱ्याच्या बांधावर जाते, गायरानात जाते, वनखात्याच्या हद्दीत जाते. काट्या वेचते आणि शिव्या ऐकते. 'कोणाच्या बापाचे रान आहे' हा प्रश्न तिला जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा तो विधानसभेतही विचारला गेला नसेल. गावकीच्या काळात वाड्यावरची लाकडे फोडायला आपलेच आजे-पणजे होते. घाव त्यांचा, जळण वाड्याचे. दादासाहेब गायकवाडांनी ६ डिसेंबर १९६४ रोजी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू केला तेव्हा मागणी कसण्यासाठी जमिनीची होती. पण जमीन नसणे म्हणजे धान्य नसणे एवढेच नसते. चुलीत घालायला स्वतःची काडी नसणे हेही त्यातच आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात झुडपी लाकूड आणि बुंधे धरले आहेत. पण त्या कायद्याचा लाभ घ्यायला आधी दावा मंजूर व्हावा लागतो, आणि आदिवासी नसलेल्या भूमिहीनाला तीन पिढ्यांचा पुरावा मागितला जातो.

आता एक साधा हिशेब मांडतो, तो नीट पाहावा. हिशेब ढोबळ आहे, पण दिशाभूल करणारा नाही. एका सिलिंडरमधला गॅस भांड्याला जेवढी उष्णता देतो, तेवढी आपल्या तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीतून मिळवायला दोन क्विंटलच्या आसपास वाळलेले लाकूड लागते. कारण साध्या चुलीत शंभरातली दहा-पंधरा हिश्श्यांचीच उष्णता भांड्याला लागते, बाकीची वाऱ्यावर जाते. चांगल्या बांधणीच्या चुलीत हाच हिस्सा पंचवीसपर्यंत जाऊ शकतो; भारतीय मानक ब्युरोने २०१३ च्या मानकात पंख्याविना चालणाऱ्या सुटसुटीत चुलींसाठी किमान २५ टक्क्यांची अट घातली आहे. म्हणजे दोन क्विंटलचे काम एक क्विंटलभर लाकडात. डोक्यावरची मोळी वीस किलोची धरा. दहा मोळ्यांच्या जागी पाच. पाच वेळा दुसऱ्याच्या बांधावर जाणे वाचले, पाच वेळा शिवी ऐकणे वाचले. सरपण वाचवण्याबद्दल पर्यावरणवाले जंगलाच्या बाजूने बोलतात. आम्ही मोळी उचलणारीच्या मानेच्या बाजूने बोलतो आहोत.

आणि धूर? धूर म्हणजे काय हे आपल्याला शाळेत कोणी शिकवले नाही. लाकूड तापले की त्यातून वायू निघतात. ते पेटले तर ज्वाळा, नाही पेटले तर धूर. म्हणजे धूर हे न जळलेले सरपणच. ज्या घरात धूर जास्त, त्या घरात मोळीचा एक वाटा छपराकडे जातो आणि एक वाटा बाईच्या छातीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या अशा धुराने जगात ३२ लाख माणसे मेली, त्यात पाच वर्षांखालची मुले दोन लाखांहून अधिक. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांमध्ये होणाऱ्या दीर्घ दम्यासारख्या आजारामागे (डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात) चुलीचा धूर हे जगातले सर्वांत मोठे कारण असू शकते. लहान मुलांचा न्यूमोनिया, कमी वजनाचे बाळ, मोतीबिंदू, या सगळ्यांशी या धुराचा संबंध जोडला गेला आहे. आपल्या आया साठीच्या आतच धापा टाकू लागतात. सरकारी दवाखान्यात त्यांना विचारतात, 'मिश्री लावता का, विडी ओढता का?' चूल किती वर्षे फुंकली, हा प्रश्न केसपेपरवर नसतो.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. धूर कमी करणाऱ्या चुलींचे प्रयोग स्वातंत्र्याच्या आधीपासून वर्ध्याच्या मगनवाडीत झाले. १९५३ साली हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी धुराडे असलेल्या चुलीवर पुस्तिका काढली. १९८० च्या दशकात केंद्राने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ मध्ये तो गुंडाळेपर्यंत साडेतीन कोटींच्या घरात चुली बसवल्या. त्या 'निर्धूर चुली' आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असतील. गावात एक माणूस यायचा, चूल थापायचा, सिमेंटचा पाइप छपरातून वर काढायचा, वहीवर अंगठा घ्यायचा आणि जायचा. दुसऱ्या पावसाळ्यात पाइप काजळीने तुंबायचा. धूर पुन्हा घरात. मग पाइप काढून परसात फेकला जायचा. त्या पाइपात पुढे आम्ही पोरांनी गोट्या खेळल्या, हा आमचा त्या राष्ट्रीय कार्यक्रमाशी आलेला प्रत्यक्ष संबंध!

यावर बाबू लोकांचा निष्कर्ष ठरलेला: 'लोक वापरत नाहीत, लोकांना कळत नाही.' ओडिशातील गावांत एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच चुलींचा काही वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे फरक उरला नाही, कारण चुलींची डागडुजी होत नव्हती आणि वापर घटत गेला. आम्ही त्या अभ्यासातून उलटा प्रश्न विचारतो. हातपंप बिघडला की दुरुस्तीला पंचायत समितीचे पथक येते, विजेचा खांब पडला की वायरमन येतो. बाईची चूल फुटली की कोण येते? ज्या यंत्रावर दिवसातून दोन वेळा घर जेवते, त्याच्या देखभालीचा एक रुपया कोणत्याही अंदाजपत्रकात नाही. कारण ते यंत्र बाईच्या ताब्यात आहे, आणि ती बाई बहुधा गरीब आहे.

सरकार येईल तेव्हा येईल. तोवर घरात काय करता येईल ते लिहितो. पुरुष वाचकांनी हा भाग 'बायकांचा विषय' म्हणून पान उलटू नये, कारण पहिले काम त्यांचेच आहे.

ते काम म्हणजे लाकूड फोडणे आणि वाळवणे. ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असते. ते चुलीत घातले की आग आधी पाणी उकळते, मग भात. लाकूड उन्हाळ्यातच मनगटाहून बारीक फोडावे, कारण साल तशीच असलेला ओंडका आतून वाळत नाही. दगड-विटांवर, जमिनीपासून वीतभर उंच रचावे, वरून पत्रा किंवा ताडपत्री, बाजूने वारा मोकळा. मृग लागण्याआधी हे झाले तर पावसाळाभर घर सुखी. वाळले की नाही हे ओळखायला यंत्र नको: दोन तुकडे एकमेकांवर आपटा, वाळलेले टणकन वाजते, ओले थप्प होते. चुलीत घातल्यावर टोकातून फेस आला, चुरचुरले, तर ते ओले होते असे समजा. मात्र वाळवण्यासाठी सरपण चुलीच्या डोक्यावर टांगण्याची किंवा चुलीला लावून रचण्याची रीत सोडा. रात्री एक निखारा उडाला तर झोपडीच जाते.

मग चूल. चुलीत तळाशी चार लोखंडी सळयांची जाळी बसवली, राखेपासून तीन-चार बोटे उंच, तर खालून वारा लागतो आणि लाकूड धुमसण्याऐवजी ज्वाळेने जळते. एवढ्या एका गोष्टीने फुंकणीचे काम निम्मे होते. राख रोज काढावी, नाहीतर जाळी असून नसल्यासारखी. भांडे आणि चुलीचा काठ यांत बोटभर फट असावी. जास्त असेल तर ज्वाळा बाहेर पळते, मुळीच नसेल तर चूल गुदमरते. दोन-तीन बारीक लाकडांची टोके एकमेकांना भिडवून जाळावीत आणि जळतील तशी पुढे सरकवावीत. चूल कोंबून भरली की आग मोठी दिसते, पण धूरच वाढतो. तुमची भांडी फार काळी होत असतील तर समजा की सरपण न जळता भांड्याला चिकटते आहे. डाळ रात्री भिजवावी, भांड्यावर झाकण ठेवावे, भाकरी झाल्यावर उरलेल्या निखाऱ्यांवर आणि वैलावर आधण किंवा अंघोळीचे पाणी ठेवावे. अंघोळीच्या पाण्याला किती मोळ्या जातात याचा हिशेब करा, थक्क व्हाल. उन्हाळ्यात ते पाणी काळ्या हंड्यात उन्हात ठेवले तर फुकट तापते.

चुलीत काय घालू नये, हेही सांगायला हवे, कारण परिस्थिती माणसाला काहीही घालायला लावते. प्लॅस्टिकच्या पिशव्या, चपला, टायरचे तुकडे, रंग दिलेले फळकूट, फवारणीच्या औषधाचे खोके. यांचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा कितीतरी विषारी. पेटवण्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी लावणे ही आता सवयच झाली आहे. त्याऐवजी बारीक झिलप्या, वाळलेले खोबऱ्याचे किशर किंवा तुराटी ठेवा. विझत आलेल्या चुलीवर रॉकेल, डिझेल, पेट्रोल ओतू नका. जाळ बाटलीपर्यंत येतो आणि बाटली हातात असते. नायलॉनची साडी अंगाला वितळून चिकटते, म्हणून चुलीपुढे सुती लुगडे बरे, आणि पदर खोचलेला. भाजले तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी. शाई, टूथपेस्ट, तूप, हळद काहीही नको. चूल जमिनीवर असेल तर रांगत्या पोरासाठी विटांची आडवी ओळ तरी घाला. चूल ओट्यावर घेतली तर पोर वाचते आणि बाईची कंबरही.

दोन धोके असे आहेत की ज्यांबद्दल आपल्या वस्त्यांत फारसे बोललेच जात नाही. पहिला थंडीतल्या शेगडीचा. बाळंतिणीच्या खोलीत, दारे-खिडक्या लावून निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेले ठेवतात. धूर नाही म्हणून वाटते की काही होत नाही. पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, गुंगी येते, झोप लागते आणि माणूस उठतच नाही. शेगडी ठेवून झोपू नये. ठेवायचीच तर जागे असताना आणि खिडकी उघडी ठेवून.

दुसरा धोका नव्या काळाचा आहे: सिलिंडर आणि चूल एकाच खोलीत. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, जमिनीवर पसरतो. आणि आपली चूल कुठे असते? जमिनीवर, पेटलेली. म्हणून गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंच ओट्यावर, सिलिंडर उभा, रेग्युलेटर रात्री बंद, आणि चूल शक्य असेल तर पडवीत किंवा परसात. गॅसचा वास आला तर आधी चूल विझवा, दार उघडा, विजेचे बटण चालू-बंद काहीही करू नका, बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. 'शक्य असेल तर' हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले, कारण बहुतेकांना ते शक्य नाही. आणि ते का शक्य नाही, तिथेच आम्हाला यायचे होते.

राज्यात अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. त्यातल्या घराचे क्षेत्र २६९ चौरस फूट. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घराचेही किमान माप २५ चौरस मीटर, म्हणजे तेवढेच, आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरावी असे कागदावर लिहिले आहे. पक्के घर मिळाले याचा आनंद आम्हालाही आहे. ज्यांनी गळक्या छपराखाली पावसाळे काढले त्यांना स्लॅबची किंमत कळते. पण जुन्या घराचे कौल, पाचटाचे छप्पर यांच्या फटींतून धूर हळूहळू का होईना बाहेर जात होता. सिमेंटच्या स्लॅबला फट नाही. हप्ता वेळेवर मिळत नाही म्हणून खिडकी एकच लागते, तीही पुढच्या बाजूला. घराला घर चिकटलेले असते म्हणून मागे दार नाही. अशा बंद पेटीत उन्हाळ्यात गॅस संपला आणि पावसाळ्यात चूल आत आली, की तो धूर जाणार कुठे? आम्ही अशी घरकुले पाहिली आहेत ज्यांचा स्लॅब दोन वर्षांत आतून डांबरासारखा काळा झाला आहे. ज्या माऊलीच्या गोवऱ्यांची आठवण म्हणून योजनेला नाव दिले, तिच्या लेकींच्या घरात धुराला वाट ठेवायचे अभियंत्याच्या डोक्यात आले नाही. कारण त्याच्या कागदावर चूल संपलेली आहे. कागदावर उज्ज्वला आहे.

स्लॅब टाकताना चुलीच्या जागी सहा इंची पाइप सोडायला काय खर्च येतो? स्लॅबच्या वर तीन-चार फूट उंच, डोक्यावर पावसाची टोपी, आणि महिन्यातून एकदा काजळी काढायला खाली झाकणाचे तोंड. नंतर स्लॅब फोडून हे करायला गेले तर गळती लागते आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. समोरासमोर दोन झरोके, एक खाली आणि एक छताजवळ, एवढे केले तरी खोलीतली हवा हलते. धुराडे शेजाऱ्याच्या खिडकीत सोडू नये, नाहीतर एका घराचा धूर दुसऱ्या घराचे भांडण होतो. हे आपण अनेक वस्त्यांत पाहतो.

इथे एक प्रामाणिक कबुली दिली पाहिजे. चांगली चूल, वाळके लाकूड आणि धुराडे एवढे सगळे केले तरी घरातली हवा गॅसइतकी स्वच्छ होत नाही. आफ्रिकेतल्या मलावी देशात पंख्याच्या सुधारित चुली वाटून मोठा प्रयोग झाला, २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले: मुलांचा न्यूमोनिया कमी झालेला आढळला नाही. म्हणून 'चूल सुधारा आणि गप्प बसा' असे सांगणाऱ्यांच्या पंक्तीत आम्हाला कोणी बसवू नये. सिलिंडर मिळालाच पाहिजे, आणि तो मजुराच्या रोजच्या कमाईच्या मापाने मिळाला पाहिजे. पाच किलोचा सिलिंडर योजनेत आहे, मग तो गावातल्या रेशन दुकानात हप्त्याच्या बाजाराच्या दिवशी का मिळत नाही? सवलत आधी वजा करून उरलेलीच रक्कम का घेत नाहीत? भूमिहीनाच्या घराला गायरानातून सरपणाचा हक्क लेखी का नाही? आणि तोवर, गर्भार बाई आणि तान्हे मूल तरी चुलीपुढून उठवायचे, एवढे घरातल्या घरात ठरवता येणार नाही का? आठवा-नववा महिना आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने तो शिल्लक सिलिंडर आणि पहिल्या घासाची भाकरी घरातल्या पुरुषाने करायची, इतके आपल्या विहारातल्या एका बैठकीत ठरू शकते.

जाता जाता एक प्रसंग. आमच्या ओळखीच्या एका गावात घरकुलाचे बांधकाम चालू असताना एका म्हातारीने गवंड्याला अडवले. स्लॅबच्या सळया बांधून झाल्या होत्या, दुसऱ्या दिवशी माल पडणार होता. ती म्हणाली, 'इथं भोक ठेव.' गवंडी म्हणाला, 'नकाशात नाही, आजी. साहेब बिल अडवील.' तिने परसातून जुना निर्धूर चुलीचा पाइप ओढत आणला, पोरांनी गोट्या खेळून घासलेला, आणि सळयांच्या मधे उभा करून त्याला धरून रात्रभर तिथेच बसली. सकाळी माल पाइपाच्या भोवतीने पडला. साहेब आले, वर पाहिले, वहीत काहीतरी लिहिले आणि बिल काढून गेले. त्या ओळीतल्या बावीस घरांपैकी त्या एकाच घराच्या स्लॅबवर धुराडे आहे. उरलेल्या एकवीस घरांची मंजुरी ज्या तालुक्यातून झाली, तिथे यंदा आणखी घरकुले मंजूर व्हायची आहेत. त्यांचे नकाशे अजून निघालेले नाहीत.